फक्त नावे दिसतील

दि. ४ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रक महोदय यांस,

सप्रेम नमस्कार. आपण व घरची मंडळी कुशल असाल अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा जुन्याच पद्धतीने दुखतो; त्यात कळवण्यासारखे काही नाही.

आपण दोनदा फोन करून ज्याची विचारणा केलीत, त्या विषयासंबंधी हे पत्र. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी माझ्या पत्नीने वाचलेल्या अखेरच्या कादंबरीची बारा, तेरा व चौदा ही प्रकरणे अद्याप कच्च्या स्वरूपात आमच्या घरच्या सर्व्हरवर आहेत, व ती साफ करून ग्रंथालयास देण्याचे काम आपल्याकडे आहे, याची मला जाणीव आहे. "मी येतो, ड्राइव्ह लावतो, तासाभरात कॉपी करून नेतो," असे आपण म्हणालात. आपल्या तत्परतेबद्दल आभारी आहे. परंतु तिच्या खोलीची आवराआवर झालेली नाही, आणि आपणांस तीन जिने चढण्याचा त्रास कशाला, या विचाराने मी वेगळी व्यवस्था केली आहे. आता आपणांस येथे येण्याची आवश्यकता पडणार नाही.

सर्व्हरवर मी एक फाइल मॅनेजर बसवला आहे. आपल्या घरच्या संगणकावर ब्राउझर उघडून सोबतच्या चिठ्ठीवरील पत्ता टाकला, की तिचे सर्व फोल्डर कपाटातील कप्प्यांप्रमाणे आपल्यासमोर दिसतील. हे काम मी कोणाचेही साहाय्य न घेता केले. त्यास एकोणीस दिवस लागले. बूट ठेवण्याच्या कपाटावरील तो काळा डबा मी चार वर्षे व्होल्टेजचे काहीतरी यंत्र समजत होतो. त्यात लिनक्स आहे, आणि लिनक्स म्हणजे काय, हे मला ती गेल्यावर समजले.

आपणांस यातले सर्व ठाऊक असल्याने तपशील देणे अनाठायी आहे, तरी देतो. प्रत्येक आज्ञा मी प्रथम वहीत लिहून काढत असे, दोनदा वाचत असे व मगच टंकित करत असे. प्रारंभी मी तो प्रोग्रॅम सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने व संपूर्ण डिस्कसाठी चालू केला. ब्राउझरमध्ये यंत्राची सगळी आतडी दिसू लागली. पाहुण्यास दिवाणखाना दाखवण्यास न्यावे आणि भिंतीतील वायरी, टाकी व गटार दाखवून आणावे, तसा प्रकार झाला. तो तत्काळ बंद करून त्या प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता निर्माण केला. व्यवस्थापकाचा मूळ परवलीचा शब्दही सर्वप्रथम बदलला. तो सर्व जगास माहीत असतो. कुलपाबरोबर किल्लीही दारालाच टांगून देणारा दुकानदार वजनमापे निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षांच्या सेवेत मी पाहिला नव्हता. वीज जाऊन आली तरी प्रोग्रॅम आपोआप चालू व्हावा, अशीही तरतूद केली आहे.

एका ठिकाणी मात्र अडलो. मर्यादित वापरकर्त्यास तिचे फोल्डर उघडेना. "परवानगी नाकारली" एवढेच उत्तर येई. तिने ते सांकेतिक कुलपात ठेवले असल्याने सर्वाधिकाऱ्यासही ते खुले करण्यास तिच्या खात्याचा परवलीचा शब्द हवा होता, आणि तो मला ठाऊक नव्हता. तो आपण फोनवर सांगितलात. क्षणाचाही विलंब न लावता, पाठ असल्याप्रमाणे सांगितलात. त्याबद्दल आभार. त्या अक्षरांचा व आकड्यांचा आमच्या घरातील कोणत्याही तारखेशी, व्यक्तीशी किंवा प्रसंगाशी संबंध लागत नाही, एवढे केवळ नमूद करतो.

आपले वापरकर्ता-नाव व परवलीचा शब्द चिठ्ठीवर आहेत. असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत, असे माझे मत असल्याने टपालाने पाठवत आहे.

आपला विश्वासू,
निवृत्त वजनमापे निरीक्षक


दि. १९ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रक महोदय यांस,

सप्रेम नमस्कार. आपला निरोप मिळाला. "फाइलींची नावं सगळी दिसतायत, पण एकही उघडत नाही," ही आपली तक्रार मी तपासून पाहिली. माझ्या संगणकावर सर्व फाइली व्यवस्थित उघडतात. त्यामुळे दोष आपल्या ब्राउझरमध्ये असावा, किंवा मार्गात कोठेतरी असावा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आल्याचे वाचनात आले आहे. ती बसवून पाहीन. यास काही दिवस लागतील. घाई करून काम बिघडवणे मला मान्य नाही.

ग्रंथालयाच्या श्रोत्यांपैकी एक वृद्ध बाई आहेत, पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांचा मला फोन आला. क्रमांक त्यांना कोणी दिला, हे मी विचारले नाही. म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं लोकांना जोडून दिलं हो. आता मलाच कुणी जोडून देत नाही. अकराव्या प्रकरणात ती मुलगी बोटीत चढली, त्याला तीन महिने झाले. उतरली का नाही, तेवढं तरी सांगा!" मी म्हणालो की, कादंबरी मी वाचलेली नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या घरात वाचत होत्या ना?" मी तांत्रिक अडचण असल्याचे सांगून फोन ठेवला.

आणखी एक गोष्ट. तिच्या टेबलावरील मायक्रोफोन पुसत असता त्याच्या बुडाशी कोरलेला निर्मितीचा क्रमांक माझ्या दृष्टीस पडला. परवलीचा शब्द तोच होता. म्हणजे तो आपणांस पाठ असण्यात गूढ काही नव्हते. समोर पाहून पाहून कोणाच्याही पाठ झाला असता. तिच्या खोलीत बसणाऱ्या कोणाच्याही. असो. त्या विषयावर अधिक काही म्हणायचे नाही.

आपण व माझी पत्नी महाविद्यालयात एकत्र होता, असे तिने एकदा ओघात सांगितले होते. कोणत्या वर्षी, व किती काळ, हे सवडीने कळवावे. कागदपत्रांच्या कामी उपयोगी पडेल.

आपला विश्वासू,
निवृत्त वजनमापे निरीक्षक


दि. ६ मार्च

महोदय,

नमस्कार. आपले क्षेम विचारूनच पत्रास प्रारंभ करावा असा शिरस्ता आहे, आणि या खेपेस ते मी मनापासून विचारत आहे.

आपल्या ब्राउझरमध्ये दोष नाही. मार्गातही नाही. नवी आवृत्ती मी बसवली नाही, कारण तिची आवश्यकता नव्हती. फाइल मॅनेजरमध्ये वापरकर्त्याच्या नावापुढे लहान चौकटी असतात: पाहणे, उतरवून घेणे, नाव बदलणे, नवे ठेवणे, पुसणे. आपल्या नावापुढे मी केवळ पहिल्या चौकटीत खूण केली होती. फक्त नावे दिसतील, उघडणार काहीच नाही, अशी ती रचना होती. ती मी विचारपूर्वक केली होती. महाविद्यालयाचे वर्षही मला कोणत्याही कागदपत्रांसाठी नको होते.

माझी मेव्हणी दर मंगळवारी येते. तिच्यापासून काही लपत नाही. गेल्या मंगळवारी तिने विचारले, "भाऊजी, गेल्या का त्या फाइली?"

"तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो.

"कसली?"

"अधिकारांची."

"मग द्या की अधिकार! देणारे कोण आहेत? तुम्हीच ना?"

ती पदर खोचून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. तुम्हाला तर नाचता येतंय, अंगण तुम्ही स्वतः सारवलंय, आणि तुम्हीच दाराला टेकून उभे! तो बिचारा एका तासात काम करून गेला असता. तुम्ही एकोणीस दिवस त्या डब्यापुढे काढलेत ते कशासाठी? त्यानं ताईच्या खुर्चीत बसू नये म्हणूनच ना?"

"तिची खुर्ची मोडकळीला आली आहे," मी म्हणालो.

"हो, खुर्चीच," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

ती म्हणाली ते खरे आहे. आपण माझ्या पत्नीच्या खोलीत पाऊल ठेवू नये, एवढ्याचसाठी मी लिनक्स शिकलो. चार वर्षे आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा, त्या खोलीचे दार आतून बंद असे आणि त्यावर "ध्वनिमुद्रण चालू" असा पुठ्ठा लटकत असे. मी बाहेरच्या खोलीत. पंखा बंद. वर्तमानपत्राचे पान उलटायचे तर दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता. खोकला आला तर जिन्यात जायचे. स्वतःच्या घरात मी मोजे घालून चाललो आहे. सहा वाजता दार उघडे, आपण मला "नमस्कार साहेब" म्हणत असा, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही असे की जे दार उघडल्यावर हळूहळू मावळे. ते मी दर वेळी मावळताना पाहिले. आत असताना ते कसे दिसते, हे आपणांस माहीत आहे. मला नाही.

यापुढचे लिहिणे अधिक कठीण आहे.

सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक भेटीची एक ओळ लिहिली जाते: तारीख, वेळ, काय मागितले, काय उत्तर मिळाले. दिले असेल तर दोनशे हा आकडा, नाकारले असेल तर चारशे तीन. आपणांस चिठ्ठी पोचली त्या दिवसापासून मी ती नोंद दररोज वाचत आलो. पहिल्या दिवशी आपण एकवीस फाइली उघडण्याचा प्रयत्न केलात. एकाखाली एक, एकवीस वेळा चारशे तीन. त्या दिवशी मला जेवण गोड लागले, हे मी लपवत नाही. ती गेल्यानंतर प्रथमच.

पुढे दोन-तीन दिवसांत आपण फाइली उघडण्याचा नाद सोडलात. मला वाटले, आता येणे थांबेल. थांबले नाही. दररोज दुपारी चार वाजून पाच-दहा मिनिटांनी आपण येता. बारावे प्रकरण, मग तेरावे, मग चौदावे. तीन ओळी. काही उघडण्याचा प्रयत्न नाही. केवळ नावांची यादी पाहता आणि जाता. रविवारीसुद्धा. २३ तारखेस तर आपण तीनदा आलात. त्या दिवशी काय होते, हे मला माहीत नाही, आणि मला माहीत नसलेले काही त्या दिवशी होते, या विचाराने मी दुसऱ्या दिवशी दाढीही केली नाही.

आपला मला हेवा वाटत होता. आवाजाचा, वेळेचा, त्या दाराचा. परंतु त्या तीन ओळी पाहून वाटला तो सर्वांत वाईट. निदान शोक तरी माझ्या एकट्याचा आहे, अशी माझी समजूत होती. त्यातही आपण वाटेकरी निघालात.

मग मी ऐकावयास बसलो. मालकी हक्काने बसलो, आणि शिक्षा भोगल्यासारखा उठलो. तिन्ही प्रकरणांची कच्ची ध्वनिमुद्रणे, एकंदर नऊ तास. वाचनाबद्दल मी लिहीत नाही. मला त्यातले कळत नाही. मी दोन वाक्यांच्या मधले ऐकत होतो. "अरे, पाणी दे ना." "अगं, पुन्हा घे, पान वाजलं." "तुझे कान आहेत का काय आहेत रे! कानसेन कुठला." अरे, अगं, रे. अडतीस वर्षांच्या संसारात तिने मला एकदाही 'अरे' म्हटले नाही. 'अहो' म्हटले. ते रीतीस धरून होते, आणि रीत सोडावी असे मी तिला कधी सुचवलेही नाही. आपणांस तिने नाव ठेवले, फोल्डरलाही तेच दिले. मी त्या नावाने आपणांस हाक मारणार नाही. तेवढे तुमच्या दोघांचेच राहू द्यावे, एवढी सभ्यता माझ्यात उरली आहे.

आणि ते हसणे. मी ते पूर्वी ऐकलेले नाही. आमच्या घरात ती तोंडावर हात ठेवून हसत असे. हा हात ठेवण्याची गरज तिला कोणामुळे वाटत होती, हे शोधण्यास सर्व्हर लागत नाही.

महोदय, श्रोता म्हणून तिने प्रथम मला बसवले होते. हे आपणांस तिने सांगितले असेल. नसल्यास मी सांगतो. "अहो, तुम्ही बसाल का समोर? नुसत्या भिंतीला वाचून दाखवायला कसंसंच होतं. कुणीतरी ऐकणारं लागतं," ती म्हणाली होती. मी बसलो. एक दुपार. सोबत वही घेऊन बसलो, कारण तपासणीस वहीशिवाय बसावे असे मला कोणी शिकवले नव्हते. संध्याकाळी मी तिला बत्तीस दोषांची यादी दिली. पृष्ठ, ओळ व दोषाचे स्वरूप यांसह, स्वच्छ अक्षरात, खाली सही करून. मला वाटत होते, हे मी प्रेमाने केले. तिने ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली व "बरं" म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात आपण आलात. त्यापूर्वी आपण नव्हतात. हे एक वाक्य लिहिण्यास मला एक महिना लागला.

तेराव्या प्रकरणात, बाविसाव्या मिनिटाला, बाहेरून एक खोकला ऐकू येतो. तो माझा आहे. जिन्यात पोचण्याआधीच आला असावा. ती वाचताना थांबते. मग घसा साफ करून, माझ्या आवाजात म्हणते, "पृष्ठ एकशे चार. ओळ सातवी. श्वास स्पष्ट ऐकू येतो. दोष क्रमांक एकोणीस." आपण हसू दाबता, ते फुटते. तीही हसते. दम लागेपर्यंत हसते. त्या वेळी तिला दम फार लवकर लागत असे. नक्कल हुबेहूब होती. 'स्पष्ट' म्हणताना मी मान खाली घालतो, तीसुद्धा तिने घातली असावी, कारण आवाज मायक्रोफोनपासून किंचित दूर जातो.

प्रथम ऐकले तेव्हा मी ती फाइल पुसणार होतो. या फाइल मॅनेजरला कचऱ्याची टोपली नाही. पुसले ते गेले. "खात्री आहे का?" एवढेच तो विचारतो. मी 'नाही' दाबले. चार वर्षांपूर्वीची ती यादी तिला ओळीनिशी पाठ होती. मी दिलेली दुसरी कोणतीही वस्तू तिने इतकी जपल्याचे मला स्मरत नाही, आणि यात सुख मानावे की मान खाली घालावी, हे मला समजत नाही.

आज सकाळी मी आपल्या नावापुढील पाचही चौकटींत खूण केली. पुसण्याच्यासुद्धा, कारण साफ करणाऱ्यास तो अधिकार हवाच. एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. त्यात अविश्वास नाही, तेहतीस वर्षांची सवय आहे. खोकला काढून टाकावा. त्या ऑपरेटरबाईंना मीच फोन करून कळवले की, आठ-दहा दिवसांत जोडून मिळेल. त्या म्हणाल्या, "बोट बुडाली तर मला आधी सांगू नका हं."

वरील सर्व आपले आहे. पुढे जे विचारतो त्यावर ते अवलंबून नाही, हे स्पष्ट करतो. उत्तर देणे आपणांवर बंधनकारक नाही.

त्या हसण्यानंतर ती धाप टाकते. मग वेगळ्याच, हळू आवाजात म्हणते, "अरे, पण तुला खरं सांगू का, ह्यांचं ना..." आणि थांबते. "आधी ते बंद कर." आपण बंद करता. ध्वनिमुद्रण तेथे संपते. पुढची फाइल अकरा मिनिटांनंतरची आहे. तीत ती थेट वाचू लागते.

त्या अकरा मिनिटांत ती काय म्हणाली, हे जगात आता केवळ आपणांस ठाऊक आहे. ते मला लिहून कळवाल का? माझ्या बाजूचे असेल वा नसेल, ज्या शब्दांत म्हणाली त्याच शब्दांत. आपले काम उत्तम आहे असे सर्वजण म्हणतात, परंतु एवढे एक मात्र साफ करू नये.

आपला,
तिचा नवरा